समेवर येण्याआधी

कपडे शिवायला टाकले होते, संगीत कापून-जोडून तयार होतं, लिफ्टही, म्हणजे जोडीदाराला उचलण्याच्या जागाही, बसल्या होत्या. त्यानंतर मला फोन आला. आईस डान्सच्या, म्हणजे बर्फावर स्केट करत जोडीने नाचण्याच्या खेळातल्या, एका ज्युनियर जोडीचे कोच बोलत होते. मुलगी १७ वर्षांची, मुलगा १९ चा, आणि त्यांच्या फ्री डान्सचा, म्हणजे स्पर्धेतल्या लांब फेरीचा, विषय होता कथक. "तुम्ही एकदा येऊन बघा. आमच्या हातून काही वावगं होऊ नये, एवढंच," ते अगदी मनापासून म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. कथक शिकवायला लागून मला २० वर्षं होऊन गेली, आणि बर्फावरचं नृत्य मी २०१० पासून आवर्जून बघते.

२०१० पासूनच का, ते सांगायला हवं. त्या वर्षीच्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये आईस डान्सला ओरिजिनल डान्स नावाची एक फेरी होती आणि त्या हंगामात तिचा विषय होता लोकनृत्य. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी सिनेमाची गाणी घेतली होती, त्यांत 'कजरा रे' होतं, 'डोला रे डोला' होतं. त्यासाठी ते एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे शिकले होते. माझ्या वर्गातल्या मुलींनी तो व्हिडिओ मला इतक्या वेळा दाखवला की कोणत्या ठेक्यावर तिची मान वळते ते मला पाठ झालं. त्याच फेरीत रशियाच्या ओक्साना डोमनिना आणि मक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या नाचावर बेतलेला कार्यक्रम सादर केला. सावळ्या रंगाचे अंगाला घट्ट बसणारे कपडे, त्यांवर पांढरे पट्टे, कमरेला लाल वस्त्र, जागोजागी पानं. जानेवारीत टालिनच्या युरोपियन स्पर्धेत ते हा कार्यक्रम घेऊन उतरले, तेव्हाच न्यू साउथ वेल्सच्या आदिवासी भूमी परिषदेच्या अध्यक्ष बेव्ह मँटन यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. व्हँकुव्हरला येईपर्यंत रंग थोडे सौम्य झाले, नाच मात्र राहिला. डेव्हिस आणि व्हाइट यांना रौप्य मिळालं, रशियन जोडीला कांस्य.

तेव्हा मला काय वाटलं, ते लपवत नाही. आपली गाणी बर्फावर वाजली म्हणून मी हरखून गेले होते. रशियन जोडीचा नाच बघून माझ्या पोटात काहीच कालवलं नाही. वेगळं काहीतरी केलंय, एवढंच वाटलं. अंगावरचे ते पट्टे कुणाचे, ते कुणी आणि कधी काढायचे असतात, याची जिथे आजही शिस्त आहे तिथल्या माणसांना ते बघून काय झालं असेल, हे कळायला मला बरीच वर्षं आणि बरंच वाचन लागलं. दुसऱ्याच्या दुखण्याला मी तेव्हा प्रेक्षक होते. या फोनने मला आतल्या बाजूला उभं केलं.

पहिल्या दिवशी रिंकच्या कठड्याला टेकून मी पूर्ण कार्यक्रम पाहिला. मुलं गुणी होती. स्केटच्या कडांवरचा तोल सुरेख, गुडघा मऊ, दोघांमधलं अंतर कुठेही ढळत नव्हतं. संगीत सुरू झालं तानपुऱ्याने, मग देवीच्या स्तोत्रातला एक तुकडा, मग ठुमरीच्या दोन ओळी, मग तबल्याचा तोडा आणि शेवटी ढोलाचा दणदणाट. स्तोत्राच्या वेळी तो तिच्या मागे उभा राहून हात पसरत होता, म्हणजे चार हातांची देवी. पुढच्या १० सेकंदांत तीच मुलगी ठुमरीवर लाजत होती. हाताच्या मुद्रा भरतनाट्यमच्या होत्या. एका लिफ्टमध्ये ती त्याच्या मांडीवर नटराज होऊन उभी राहत होती.

हे सगळं मी पाहिलं, पण मला खरं लागलं ते कानाला. तोड्याच्या शेवटी तिहाई होती. कथकमध्ये एकच बोल तीनदा म्हणतात आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'थेई' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. तिगधा दिगदिग थेई, तिगधा दिगदिग थेई, तिगधा दिगदिग... आणि इथेच संगीत कापलं होतं. थेई नाही, सम नाही, थेट ढोल. ज्युनियर फ्री डान्सला साडेतीन मिनिटं मिळतात, १० सेकंद इकडे-तिकडे चालतात. वेळेत बसवायला काही सेकंद काढायचे होते आणि ज्याने ते काढले त्याला तिथे वाक्य चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. कुणी "मी तुला सांगते की" म्हणून खोलीबाहेर निघून जावं, तसं वाटलं मला.

मी कोचना आधी तेच सांगितलं. त्यांची अपेक्षा मी कपड्यांबद्दल किंवा देवाबद्दल बोलेन अशी होती. मी कठड्यावर हाताने त्रितालाच्या १६ मात्रा धरल्या, नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देण्याची जागा, दाखवली आणि बोल म्हटले. आम्ही याला पढंत म्हणतो. दोनदा ऐकून कोच म्हणाले, "पण परीक्षकांना हे कळणार नाही." मुलगी मात्र तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर समेवर टाळी देऊन मोकळी झाली. तिने लगेच विचारलं, "मग आमचे ट्विझल इथे आणता येतील का?"

ट्विझल म्हणजे एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या सलग गिरक्या. आईस डान्समधली ही सगळ्यांत नाजूक जागा, कारण दोघांच्या गिरक्या एकाच वेगात आणि जवळजवळ राहाव्या लागतात. कथकची चक्करं टाचेवर आणि जागच्या जागी होतात, पण मोजणी तीच. ट्विझलचे तीन संच तालाच्या तीन आवर्तनांवर बसवायचे आणि तिसरा संपताना दोघं समेवर थांबायचे, ही कल्पना तिची. माझ्या डोक्यात ती आलीच नव्हती. बर्फावर पाय आपटता येत नाही, म्हणजे तत्कार, पायांनी जमिनीवर वाजवायचे बोल, गेला, आणि तत्कार गेला म्हणजे कथकचा अर्धा जीव गेला, असं धरून मी तिथे गेले होते.

मग कपडे आले. स्केटिंगच्या कपड्यांत उघड्या अंगाचा भास व्हावा म्हणून त्वचेच्या रंगाचं जाळीचं कापड लावतात. ते नेहमी त्या-त्या खेळाडूच्या रंगाला जुळवून घेतात. या मुलीच्या पाठीवरचं आणि पोटावरचं कापड तिच्या हातापेक्षा चांगलं तीन छटा सावळं होतं. मी तिचा हात धरून त्या कापडाशेजारी ठेवला. काही बोलले नाही. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "भारतीय दिसावं म्हणून." त्यांच्या आवाजात कसलाही कडवटपणा नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघड झालं. माझ्या वर्गात उन्हाळ्यात सावळं होऊ नये म्हणून बाह्या ओढून बसणाऱ्या मुली आहेत. माझा रंग कुणी अंगावरून काढून ठेवता येईल असा शिवलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. हे कापड बदललं नाही तर मी उद्यापासून येणार नाही, एवढं मी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टींपैकी हीच एक गोष्ट मी विनंती म्हणून सांगितली नाही.

बुटांवर घोट्याशी छोटे सोनेरी घुंगरू चिकटवले होते. बर्फावर कपड्याचा काही भाग गळून पडला तर एक गुण कापतात, त्या भीतीने ते इतके घट्ट डकवले होते की वाजतही नव्हते. मुलीने विचारलं, "हे काय वाईट आहे?" दुसऱ्या दिवशी मी माझे घुंगरू नेले, पायाला शंभर-शंभर, दोरीत ओवलेले. तिच्या ओंजळीत ठेवले. तिचे हात वजनाने खाली गेले. बांधण्याआधी आम्ही ते कपाळाला लावतो, ते मी करून दाखवलं. तिने माझ्याकडे आणि बुटांकडे पाहिलं आणि त्याच संध्याकाळी नखांनी खरवडून ते सोनेरी मणी काढून टाकले. मी तिला काढ म्हटलं नव्हतं.

कोच चांगला माणूस, पण चार दिवसांत थकले. "याविरुद्ध कुठे नियम आहे का?" त्यांनी विचारलं. नाही. नियमाप्रमाणे कपडे सभ्य आणि खेळाला साजेसे हवेत, भडक किंवा नाटकी नकोत, संगीताचा भाव त्यांत उतरला तर चालतो. गुण मिळतात ते रचनेला, सादरीकरणाला आणि स्केटिंगच्या कौशल्याला, शिवाय लिफ्ट, ट्विझल अशा घटकांना. आपण जे घेतलं ते कुठून आणि कसं घेतलं, यासाठी रकाना नाही. "मग कुणी कुणाचं काही करूच नये का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. तो उद्धट नव्हता, खरा होता. मी त्यांना फ्रान्सच्या गॅब्रिएला पापाडाकिस आणि गियोम सिझरॉं यांची आठवण दिली. २०२१-२२ च्या हंगामात ऱ्हिदम डान्स नावाच्या फेरीचा विषय स्ट्रीट डान्स होता आणि त्यांनी वॅकिंग निवडलं. हा नाच १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुणांनी घडवला. या जोडीने अॅक्सेल मुनेझेरो या वॅकिंग करणाऱ्या नर्तकीकडून तो शिकून घेतला आणि २०२२ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आणि जपानचा स्केटर युझुरु हान्यू? 'सेइमेइ' हा कार्यक्रम त्याच्या स्वतःच्याच देशातल्या एका जुन्या पुरुषावर, आबे नो सेइमेइवर. तरीही तो क्योगेन या जुन्या जपानी विनोदी नाट्यातले नट नोमुरा मान्साई यांना जाऊन भेटला, कारण सेइमेइची भूमिका त्यांनी केली होती. घरचं असलं तरी माणूस विचारायला गेला, हे मला आजही फार मोठं वाटतं.

एवढं सगळं मी ठामपणे बोलले आणि रात्री झोप येईना. मी ज्या ठुमरीबद्दल बोलत होते ती माझी कुठून झाली? माझ्या घरात कुणी नाचलेलं नाही. ठुमरीचा अभिनय ज्यांनी जपला त्या तवायफा. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून नाचाविरुद्धच्या मोहिमेत त्यांचीच नाचक्की झाली, त्यांना त्यांच्याच कलेपासून हुसकावलं, आणि पुढे तीच कला माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना शास्त्रीय म्हणून शिकवली गेली. मी कधी कुणाला विचारलं होतं? मी माझ्या गुरूंना फोन केला. मी त्यांना ताई म्हणते, त्यांचं वय आता ८० च्या पुढे आहे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तू त्यांना शिकवते आहेस की नुसतं तपासते आहेस?"

मी तपासत होते. हे चालेल, हे चालणार नाही. परवाना देणाऱ्या खिडकीवर बसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी कोचना सांगितलं, मला आठवड्यातून तीन वेळा ही मुलं बुटांशिवाय हवीत. सहा आठवडे. स्पर्धेला तेवढाच वेळ होता आणि ते हो म्हणाले, हे त्यांचं मोठेपण. रिंकच्या वरच्या मजल्यावर एक व्यायामाची खोली होती, तिथे आम्ही सुरुवात केली. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या आठवड्यात दोघांचे तळवे लाल झाले. आयुष्यभर घट्ट बुटात राहिलेले पाय, बोटं एकमेकांवर चढलेली, घोट्याशी बुटाच्या कडेने आलेलं टेंगूळ. जमिनीशी त्यांची ओळखच नव्हती. मुलगा जास्त चिडायचा. बर्फावर तो राजा आणि इथे दोन हजार वेळा तेच ते. एकदा तो म्हणाला, "तुम्ही शिक्षा करताय का आम्हाला?" मी म्हटलं, "माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली." त्यानंतर तो तक्रार न करता उभा राहिला. पाचव्या आठवड्यात एक दिवस त्याची सम आपोआप आली. मी हात थांबवला तरी त्याचा पाय बरोबर पडला, आणि तो इतका मोठ्याने हसला की खालून कुणीतरी वर बघायला आलं.

ठुमरी शिकवताना मी त्यांना तवायफांबद्दल सांगितलं. लखनौ, वाजिद अली शाहचा दरबार, १८५६ मध्ये इंग्रजांनी घेतलेलं त्याचं राज्य, कथकगुरू बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या, कोठे, आणि त्या बायकांचं पुढे काय झालं ते. हे ऐकल्यावर मुलीने स्वतःहून लाजणं कमी केलं. म्हणाली, "ती लाजत नाहीये, ती बोलावतेय." मला हे वाक्य सुचायला १० वर्षं लागली होती.

स्तोत्र गेलं. चार हात गेले. नटराज गेला, त्या लिफ्टला दुसरा शेवट शोधायला कोरिओग्राफरला आठवडा लागला आणि ती बाई माझ्यावर नाराज राहिली. मुद्रा बदलल्या. तिहाई पूर्ण झाली, त्यासाठी ढोलाचे सात सेकंद कापले. जाळीचं कापड तिच्या रंगाचं आलं. टिकली मी राहू दिली, कारण माझ्या वर्गात सगळ्याच मुली लावतात, कुठल्याही देशाच्या असोत. एक गोष्ट मात्र मी होऊ दिली नाही. कार्यक्रमाच्या माहितीत कोचना 'भारतीय गुरूंच्या मान्यतेने' असं लिहायचं होतं. मी सांगितलं, मान्यता द्यायला मी कोण? शिकवलं, असं लिहा. किती आठवडे ते लिहा.

स्पर्धेच्या दिवशी मी वर प्रेक्षकांत बसले. खाली बसवेना. ट्विझलचा पहिला संच, दुसरा, माझा हात मांडीवर मोजत होता, तिसऱ्याला मुलाची कड जराशी घसरली आणि तो समेच्या अर्धी मात्रा मागून आला. ती वेळेवर थांबली होती. त्याने तिथेच डोळे मिटले. त्या सभागृहात फार तर तीन माणसांना ते कळलं असेल, पण त्याला कळलं होतं. त्यांचा चौथा नंबर आला.

मी खाली जायला उठले तेव्हा दोन रांगा सोडून बसलेल्या एका बाईंनी मला अडवलं. त्याही भारतीय. त्यांची १२ वर्षांची मुलगी याच रिंकवर एकेरी स्केटिंग शिकते. "तुम्हीच ना शिकवलंत यांना?" मला वाटलं, कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला गेल्या वर्षी भारतीय संगीत घ्यायचं होतं. तिच्या कोचनी नको म्हणून सांगितलं. म्हणे, तू ते घेतलंस तर परीक्षकांना वाटेल तुला तेवढंच येतं. आणि आज या मुलीने टिकली लावून तेच केलं तर सगळे उभे राहिले." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांच्या मुलीचे कोच वेगळे होते, पण त्याने काय फरक पडतो? सहा आठवडे मी त्या खोलीत होते, खाली बर्फावर ती मुलगी रोज येत होती, आणि मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं. जाळीच्या कापडाबद्दल, स्तोत्राबद्दल, घुंगरांबद्दल काय काय सांगावं असं मनात आलं. काहीच सांगितलं नाही, कारण त्यांनी त्यातलं काही विचारलंच नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "तिने संगीत निवडलं होतं का?"

मुलगी आईच्या मागे उभी होती. फोन काढून तिने एक इअरफोन मला दिला, दुसरा स्वतःच्या कानात ठेवला. खाली बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरत होतं. अडीच मिनिटांचा तुकडा होता, सतार आणि तबला. जोड जरा ओबडधोबड होते. कुणी कापलं, मी विचारलं. "मीच," ती म्हणाली. शेवटाकडे तबल्याने तिहाई घेतली. मी श्वास धरून ऐकत राहिले. एक, दोन, तीन, आणि शेवटचा ठोका त्याच्या जागी पडला. तिने तो कापला नव्हता.